गाळलेला आवाज परत येत नाही

घरच्या संगणकावर आज हजारो गाणी सहज मावतात. ही किमया मुळात जागेच्या टंचाईतून जन्मली. टंचाई केव्हाच सरली, पण तिने लावलेली सवय अजून सुटलेली नाही. आज त्या सवयीबद्दल बोलायचं आहे.

१९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यात आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलं जातं, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं. प्रत्येक मापाला १६ बिट लागतात. गुणाकार केला तर सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट होतात आणि तासाभराच्या मैफलीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकाची हार्ड डिस्क चार-सहा गिगाबाइटची असे. तीत अशा दहा मैफलीसुद्धा मावल्या नसत्या. आणि ५६ किलोबिटच्या मोडेमवरून एक मैफल उतरवून घ्यायची, तर पंचवीस तास लागले असते!

टेलिफोनच्या तारेवरून संगीत धाडण्याचा ध्यास जर्मनीतल्या एर्लांगेनचे प्राध्यापक डीटर झाइट्झर यांनी घेतला होता. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी कानाच्या एका स्वभावाचा उपयोग केला. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशे सुरू झाले, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही, ते साठवायचं कशाला?

गंमत अशी की, या युक्तीची खरी कसोटी लागली ती एका साध्या गाण्यावर. सुझॅन व्हेगा या अमेरिकी गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं म्हणजे नुसता गळा, साथीला एकही वाद्य नाही. त्यामुळे दोष लपवायला आडोसाच नव्हता. सुरुवातीला त्या आवाजाची पार दुर्दशा झाली. ब्रांडेनबुर्ग यांनी ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकून आपली पद्धत सुधारत नेली. १४ जुलै १९९५ रोजी तिच्या फाईलींसाठी ‘एमपी-थ्री’ हे आडनाव ठरलं. १२८ किलोबिटच्या दराने केलेली फाईल सीडीवरच्या मूळ आवाजाच्या अकराव्या हिश्शात बसू लागली.

२००१ साली जॉश कोल्सन यांचं ‘फ्लॅक’ आलं. त्याची रीत वेगळी. गोधडीची घडी घालावी आणि उलगडल्यावर टाका न् टाका जागेवर सापडावा, तसं. यात जागा कमी वाचते, पण गाळलं काहीच जात नाही.

आता कुणी विचारेल, हा फरक ऐकू तरी येतो का? चांगल्या दराने केलेली एमपी-थ्री आणि मूळ ध्वनिमुद्रण यांतला फरक मलाही बहुधा सांगता येत नाही. प्रवासात ऐकायला मी एमपी-थ्रीच नेतो. पण ऐकणं वेगळं आणि जपणं वेगळं. एमपी-थ्रीवरून पुन्हा एमपी-थ्री केली, की गाळलेल्यातून आणखी गाळलं जातं. दर वाढवला म्हणून गेलेलं परत येत नाही. फाईल तेवढी फुगते.

सीडीवरची गाणी पुन्हा विकत मिळतील. काळजी आहे ती घराघरांतल्या कॅसेटची. आजीच्या ओव्या, गावातल्या भजनी मंडळाचा अभंग, एखाद्या गुरूने शिष्याला दिलेली तालीम यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. अशा कॅसेट एमपी-थ्रीत उतरवायच्या आणि मूळ रद्दीत द्यायच्या, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. आज एक टेराबाइटच्या डिस्कवर सीडीच्या प्रतीचा आवाज काहीही न गाळता दीड हजार तास मावतो. काटकसर कशासाठी?

म्हणून सांगणं एवढंच: पहिली प्रत फ्लॅकमध्ये करा, गायकाचं नाव आणि साल लिहा, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या घरी ठेवा. आणि कॅसेट? तीही राहू द्या.