मागचे चाक रुंद का?

सातपुड्याच्या पायथ्याच्या अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघाले की देवगोई घाट लागतो. या रस्त्यावर जीपने वर्षानुवर्षे माणसांची आणि मालाची ने-आण केली आहे. अशाच एका जुन्या जीपच्या मालकाने फक्त मागच्या चाकांना रुंद टायर बसवलेले आम्ही पाहिले. "चाक रुंद, म्हणजे पकड जास्त. घाटात गाडी घसरत नाही," तो म्हणाला. आमच्याबरोबर नववीतला एक विद्यार्थी होता. त्याने लगेच विचारले, "पण घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते ना?" दोघांपैकी खरे कोण? उत्तरासाठी चाकाच्या इतिहासात डोकवावे लागेल.

रुंद चाकाचा आग्रह प्रथम धरला गेला तो पकडीसाठी नव्हे, तर रस्ता वाचवण्यासाठी. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव अरुंद असते. सारा भार थोड्या जागेवर येतो, दाब वाढतो आणि जमिनीत चाकोऱ्या पडतात. इंग्लंडमध्येही मालगाड्यांच्या चाकांनी रस्त्यांची हीच दशा केली होती. म्हणून तेथे १७५३ मध्ये कायदा करून जड गाड्यांना ९ इंच रुंदीची चाके वापरण्यास भाग पाडले गेले.

पुढची पायरी हवेची. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ती कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तसेच चाक तयार केले आणि मग हवेचा टायर जगभर पसरला. त्याचे नाव आपल्याकडे 'डनलॉप गाडी' या टायरच्या बैलगाडीत रुळले.

हवेच्या टायरचे गणित सोपे आहे. चाकावरचा भार ३०० किलो आणि हवेचा दाब दर चौ. सें.मी.ला २ किलो धरला, तर टायर जमिनीला सुमारे १५० चौ. सें.मी. जागेत टेकेल. टायर १० सें.मी. रुंद असेल तर हा ठसा १५ सें.मी. लांब होईल, टायर १५ सें.मी. रुंद असेल तर १० सें.मी. लांब. म्हणजे दाब तोच ठेवला तर रुंदीमुळे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, ठशाचा आकार बदलतो. क्षेत्रफळ खरोखर वाढते ते हवेचा दाब कमी केल्यावर. रुंद टायरमध्ये हवा अधिक मावते, म्हणून तो कमी दाबावरही तेवढाच भार पेलतो.

आता विद्यार्थ्याचा प्रश्न. घर्षण भाराच्या प्रमाणात असते, क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा नियम आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये मांडला. लाकूड, धातू अशा कठीण पदार्थांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मात्र मऊ असते. ते रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरते आणि खडीला बिलगते. तोच भार जास्त जागेवर पसरला, तर दर किलोमागे मिळणारी पकड वाढते. म्हणजे पुस्तक चूक नाही. त्यातला नियम रबराला जसाच्या तसा लावणे चूक आहे.

मग मागचेच चाक रुंद का? गाडी वेग घेताना किंवा चढ चढताना भार मागे सरकतो. ज्या गाडीची मागची चाके इंजिनाने फिरतात, तिला पकड तेथेच हवी असते. १९६० नंतरच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांची मागची चाके झपाट्याने रुंदावली. १९७२ मध्ये आलेल्या पोर्शे ९११ च्या कॅरेरा आर. एस. या मॉडेलला पुढे ६ इंची, तर मागे ७ इंची रिम होती. तिचे इंजिनही मागेच होते.

जीपची कथा वेगळी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या या गाडीची जुळणी महिंद्र कंपनीने मुंबईत १९४७ मध्ये सुरू केली. मूळ जीपला चारही टायर सारखे, ६.००–१६ मापाचे, म्हणजे ६ इंच रुंद आणि १६ इंची रिमचे. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो.

म्हणूनच आमच्या जीपवाल्याचे म्हणणे अर्धेच खरे. घाट चढताना रुंद टायर मदत करतील. उतरताना ब्रेक लावताच भार पुढे जातो. तेव्हा गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात आणि ती तर पूर्वीचीच! ओल्या वळणावर हीच चाके आधी घसरण्याची शक्यता वाढते. मग स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ दरीकडे जाते. पावसात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. नक्षी झिजलेली असेल, तर तो वेगात पाण्यावरच तरंगतो. शिवाय चाक बाहेर आले की बेअरिंगवर ताण येतो. पुढच्या-मागच्या चाकांचे व्यास वेगळे झाले, तर चारही चाके जोडून चालवताना गिअरवरही ताण येतो.

हे आम्ही त्याला सांगितले. "उतरताना हळू येईन," तो हसून म्हणाला.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. विटेच्या आकाराचा लाकडी ठोकळा ताणकाट्याने आधी रुंद, मग अरुंद बाजूवर ओढा. वाचन जवळपास सारखेच येईल. मग दोन्ही बाजूंना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवून, ठोकळ्यावर वजन ठेवून तोच प्रयोग खडबडीत फरशीवर पुन्हा करा. या वेळी काय होते, ते विद्यार्थ्यांनाच नोंदवू द्या.