वसईचे संत आणि सेवेमागील हेतु

महोत्सवाच्या अंकांत देवालयाच्या पायाभरणीची तारीख, घंटेचें वजन आणि धर्मगुरूंची नामावली सहज देतां येते. परंतु ज्या हेतूनें दगडावर दगड चढला, तो कोणत्याही वहींत नोंदलेला नसतो. अंतःकरण पारखणारा एक परमेश्वरच. इतिहासकारास एवढेंच पाहतां येतें कीं, लाभ आटला तेव्हां मनुष्य काय करीत राहिला. ही कसोटी लावण्यासाठीं आपणांस फार दूर जावयास नको. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर यांच्या बाजूनें वाहणारी उल्हास नदी ज्या खाडीवाटे समुद्रास मिळते, त्या वसईची कथा पुरेशी आहे.

सन १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली. त्यांच्या अमलांत ख्रिस्ती होणाऱ्यावर राजसत्तेची मेहेरनजर असे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. बाप्तिस्मा घेणाऱ्या कित्येकांच्या मनांत श्रद्धेबरोबर संरक्षणाचा वा प्रतिष्ठेचाही विचार असेल.

अशा वसईंत सुमारें १५५६ सालीं गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं ते शिकले व कोवळ्या वयांतच जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली आणि कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा, ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. पदासाठीं सेवा करणारा मनुष्य अशा नकारानंतर रुसतो व देवालयाची पायरी पुन्हां चढत नाहीं. गोन्सालो व्यापारांत शिरले आणि त्यांत त्यांची भरभराट झाली. नंतर तो जम बसलेला व्यापार सोडून मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले. तेही धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधे बंधु म्हणून. ज्याच्या घरीं संपत्ति चालून येत होती, त्यानें पोटासाठीं झगा चढविला, असें कोण म्हणेल?

सन १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते जपानांत परतले. सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढें त्यांनीं दुभाष्याचें काम केलें, आणि क्योतो येथें त्यांच्या संघानें महारोग्यांची शुश्रूषा आरंभिली. दुभाष्यास बोलावयाचें असतें तें दुसऱ्याचें. त्यांत त्याचें स्वतःचें असें कांहींच नसतें. महारोग्याजवळून तर मोबदल्याची आशा कोण करील? ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २६ जणांना क्रूसावर चढविण्यांत आलें, त्यांत वसईचे हे बंधु होते. पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद जाहीर केलें तें १८६२ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर २६५ वर्षांनीं. त्या सन्मानाची कल्पना त्यांना क्रूसावर असतां असणें शक्य नव्हतें.

एका संताची परीक्षा झाली, तशी पुढें संबंध समाजाची झाली. सन १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, आणि तिच्याबरोबर परदेशी संन्यासीही गेले. आतां ख्रिस्ती राहण्यांत ऐहिक लाभ उरला नव्हता. सर्वच टिकले असें नाहीं. परंतु येथल्याच मातींतील धर्मगुरूंनीं उपासना चालू ठेवली आणि शेतकऱ्यांचीं व कोळ्यांचीं असंख्य कुटुंबें श्रद्धेंत स्थिर राहिलीं. पूर्वजांचा हेतु आरंभीं कदाचित् मिश्र असेल. संकटाच्या मुशींतून तो शुद्ध होऊन निघाला. म्हणून हेतु पूर्ण निर्मळ होईपर्यंत सेवा थांबवूं नये. सेवा करीत राहावें, आणि परमेश्वरास हेतूची शुद्धि करूं द्यावी.

आपल्या या पट्ट्याचा इतिहासही निराळा नाहीं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथास कारखाने उभे राहिले. वसई, गोवा, मंगळूर, केरळ, नगर अशा अनेक ठिकाणांहून ख्रिस्ती कुटुंबें येथें आलीं. तीं पोटासाठीं आलीं, हें सांगण्यांत कमीपणा नाहीं. गोन्सालोंनींही प्रामाणिकपणें व्यापार केला होता. प्रश्न एवढाच कीं, भाकरीची सोय झाल्यावर देवालयांत आपण काय शोधूं लागलों?

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, महोत्सवांत देणगीदारांच्या पाट्या लागतात, मिरवणुकींत पुढें कोणी चालावें याची चर्चा होते. दात्याविषयीं कृतज्ञता हें कर्तव्यच आहे. तथापि प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत दान, प्रार्थना व उपवास या तिहींविषयीं एकच इशारा दिला आहे: लोकांनीं पाहावें म्हणून जें केलें, त्याचें वेतन लोकांकडूनच मिळून चुकलें. पाटीवरचें आपलें नांव उद्यां पुसलें गेलें, आपलें काम दुसऱ्यास देण्यांत आलें, आभार मानावयास कोणी उरलें नाहीं, तरी पुढच्या रविवारीं आपण येऊं काय? आजाऱ्याच्या घरीं जाऊं काय? या प्रश्नांचें उत्तर दुसऱ्याविषयीं देण्याचा अधिकार कोणास नाहीं. स्वतःविषयीं तें प्रत्येकानें वेदीसमोर द्यावें.