चित्रस्मृती

एखाद्या वस्तूचे नाव वाचण्यापेक्षा तिचे चित्र पाहिले, तर ती अधिक चांगली लक्षात राहते, हा स्मृतीच्या मानसशास्त्रातील वारंवार पडताळलेला निष्कर्ष. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६७ मध्ये लोकांना ६१२ चित्रे एकेक करून दाखवली. मग एक पाहिलेले व एक नवे अशा जोड्या पुढे ठेवल्या. पाहिलेले चित्र शेकडा ९७ वेळा अचूक ओळखले गेले; शब्दांच्या बाबतीत हे प्रमाण ९० च्या आसपास राहिले. लायनेल स्टँडिंग यांच्या १९७३ च्या प्रयोगात तर पाच दिवसांत १०,००० चित्रे दाखवली गेली, तरी ओळख शेकडा ८३ भरली. मात्र चित्रेही कायमची टिकत नाहीत. शेपर्ड यांनी चार महिन्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा थोडीच बरी होती.

चित्रे अधिक लक्षात राहण्याची सर्वांत परिचित उपपत्ती कॅनडाचे ॲलन पायव्हिओ यांची. मन एकच गोष्ट दृश्यरूपात आणि शब्दरूपात अशी दोनदा नोंदवते, असे त्यांचे म्हणणे. तांब्याचे चित्र पाहिले की त्याचा आकार मनात राहतो आणि ‘तांब्या’ हे नावही आपोआप उमटते. एक नोंद पुसट झाली तरी दुसरी हाताशी असते. नुसता ‘तांब्या’ शब्द वाचताना चित्र उभे राहीलच असे नाही. ‘निष्ठा’ वाचताना तर उभे राहण्याजोगे काही नसतेच. अमूर्त शब्द लवकर विसरले जातात ते यामुळे. तेव्हा चित्राच्या यशात शब्दाचाही वाटा आहे, आणि दोघांना प्रतिस्पर्धी ठरवणे चूक आहे. आपल्या अंकलिपीत ‘ग गणपतीचा’ म्हणताना चित्र, नाव आणि अक्षर एकत्रच येतात.

‘वाचलेले दहा टक्के, पाहिलेले तीस टक्के लक्षात राहते’ अशी कोष्टके प्रशिक्षणवर्गांत फिरतात. त्यांना प्रयोगाचा आधार नाही. शिक्षकांनी ती वापरू नयेत.

चित्र ओळखणे वेगळे आणि त्यातले बारकावे आठवणे वेगळे. १९७९ मध्ये निकरसन आणि ॲडम्स या संशोधकांनी अमेरिकी लोकांना रोजच्या वापरातले एक सेंटचे नाणे आठवून काढायला सांगितले. लिंकनचा चेहरा कुठे वळलेला आहे, अक्षरे कुठे आहेत, इथेच बहुतेक अडखळले. पंधरा रेखाटनांतून खरे नाणे निवडतानाही निम्म्याहून अधिक लोक चुकले. खिशातले दहा रुपयांचे नाणे न पाहता वाचकाने कागदावर काढावे आणि मग ताडून पाहावे.