मालक कोण? कोयत्यापासून ॲपपर्यंत

१/ परभणी जिल्ह्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरांमुळे इतिहासप्रेमींना परिचित आहे. ज्या मराठवाड्यात ही मंदिरे उभी आहेत, त्याचा आणखी एक इतिहास मात्र कोणत्याही शिलालेखात सापडत नाही. तो कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसांचा आहे.

२/ जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांना सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. ही व्यवस्था जातीने जखडलेली व विषम होती. परंतु काम कोणाचे आणि मोबदला कोणी द्यायचा, हे ठरलेले असे. कारखानी माल आणि रोख मजुरी आल्यावर ते नाते सुटत गेले.

३/ १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले आणि ऊसतोडीसाठी मराठवाड्यातील कोरडवाहू भागांतून मजूर जाऊ लागले. १९७२च्या दुष्काळाने रोजगारासाठी वणवण अधिकच वाढवली.

४/ येथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो आणि मजुरी टनावर ठरते. ऊस कारखान्याचा, पण मजूर मुकादमाचा. अपघात झाला, तर जबाबदारी कोणाची?

५/ १९७९चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. परभणीहून कोल्हापूरला जाणारा मजूर त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

६/ आज पुण्या-मुंबईत दुचाकीवरून जेवण पोहोचवणाऱ्या तरुणापुढेही तोच प्रश्न आहे. टनाच्या जागी ऑर्डर आली, मुकादमाच्या जागी ॲप. कंपनी त्याला ‘भागीदार’ म्हणते. त्यामुळे पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी हे नोकरदाराचे हक्क त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते.

७/ याचे एक उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधले होते. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणाऱ्या माथाडींना ठरलेला मालक नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंदणी मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची. काम रोज वेगळ्या पेढीवर, तरी भविष्यनिर्वाह निधी व उपदान कायम.

८/ २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही संज्ञा कायद्यात आणली. २०२३मध्ये राजस्थानने अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. दोन्हींत कंपन्यांकडून निधी घेण्याची तरतूद आहे. माथाडींनी अर्ध्या शतकापूर्वी हेच सिद्ध केले होते : मालक बदलते असले, तरी जबाबदारी निश्चित करता येते.