अर्ज कोण वाचतो? दक्षिणा प्राइज कमिटीपासून विकिपीडियाच्या अनुदान समितीपर्यंत

(गिरीज, वसई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं की, अनुदान समितीवर काय व्याख्यान द्यायचं? समिती म्हणजे टेबल, फाइल, चहा आणि सह्या. प्रश्न बरोबर आहे. पण महाराष्ट्रात ज्ञानासाठी पैसा कोणी दिला, कोणाला दिला आणि कोणाला नाकारला हे बघायला लागलो, की दीडदोनशे वर्षांचा मोठा इतिहास या टेबलाभोवतीच घडलेला दिसतो. आज आपण तोच बघणार आहोत, आणि शेवटी तुम्हाला एक विनंती करणार आहोत.

सुरुवात आपल्याच परिसरापासून करू. आपल्या गिरीजच्या हिराडोंगरीवर वज्रगड आहे. शेजारच्या भुईगावात १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा सापडला. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, आणि आठव्या लेखाचा तुकडा त्यांच्याच हाती लागला होता. म्हणजे इथे ज्ञानाचा साठा पायाखाली आहे, आणि तोंडातही आहे. कादोडी बोली, वाडवळी बोली, सुकेळी करायची रीत, विहिरींची आणि वाड्यांची नावं. हे सगळं नोंदवायचं तर वेळ लागतो, थोडे पैसे लागतात. ते पैसे द्यायचे की नाही, हे ठरवणारी माणसं कोण असतात?

जुनी गोष्ट घेऊ. तळेगावच्या दाभाड्यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा सुरू केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही दक्षिणा पुण्याला पेशव्यांकडे आली. देशभरातून शास्त्री-पंडित येत, परीक्षा होई आणि विद्वत्तेप्रमाणे रक्कम मिळे. परीक्षा कशाची? वेदपठणाची, शास्त्रांची. घेणारे कोण? त्याच परंपरेतले शास्त्री. आता बघा, इथे अर्जदार कोण असू शकतो हे परीक्षेआधीच ठरून गेलेलं आहे. शेतकऱ्याला, कोळ्याला, सुताराला त्याच्या विद्येबद्दल कोणी विचारणारच नव्हतं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही, वर्षाला पन्नास हजार रुपये चालू ठेवले. त्यातलाच काही पैसा १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. राज्य बदललं, पण पैशाची वाट फारशी बदलली नाही.

ती बदलायची मागणी १८४९ मध्ये झाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि पुण्यातल्या नव्या विचाराच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, मग तो कोणत्याही जातीचा असो, एवढंच त्यात मागितलं होतं. पण शहरात वातावरण इतकं तापलं की अर्ज नेणाऱ्यांच्या अंगावर लोक धावून येतील अशी भीती होती. तेव्हा जोतीराव फुल्यांनी वस्त्यांमधली माणसं जमवून त्यांना संरक्षण दिलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. एका अर्जासाठी एवढं! कारण सगळ्यांना कळलं होतं की प्रश्न काही रुपयांचा नाही. विद्या कशाला म्हणायचं, हा प्रश्न आहे.

त्यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. मराठी पुस्तकांना, भाषांतरांना बक्षिसं मिळू लागली. पुढे याच निधीतून कॉलेजांमध्ये दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा फेलोंपैकी. म्हणजे कमिटीने काही चांगलं केलंच नाही असं कोणी म्हणू नये.

पण त्याच कमिटीपुढे १८५५ मध्ये एक नाटक आलं. नाव 'तृतीय रत्न', लेखक जोतीराव फुले. गोष्ट साधी आहे. कुणबी नवराबायको आहेत. बाई गरोदर आहे. जोशीबुवा येऊन ग्रहांची भीती घालतात आणि घर धुऊन नेतात. शेवटी दोघं रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. १८४९ च्या अर्जात जे मागितलं होतं, नेमकं तसंच हे लिखाण होतं. मराठीत होतं, लोकोपयोगी होतं, कोणत्याही जातीच्या माणसासाठी होतं. कमिटीने ते नाकारलं.

का नाकारलं? फुल्यांनी पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त लिहिलं की कमिटीतल्या भट सभासदांपुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही. आज आपल्यापर्यंत जी बाजू पोचली आहे ती ही, नाकारलेल्या लेखकाची. कमिटीच्या खोलीत कोण काय बोललं, कोणत्या निकषावर बोललं, हे अर्जदाराला आणि लोकांना समोर बसून ऐकता येत नव्हतं. आणि परिणाम बघा. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. १२४ वर्षं. फुले वाट बघत बसले नाहीत, त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पुढची पुस्तकं काढली. पण एका नकारामुळे एक नाटक सव्वाशे वर्षं वाचकांपासून दूर राहिलं, एवढी या टेबलाची ताकद असते.

पुढचा टप्पा भरभर सांगतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सरकारची वाट न बघता कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले आणि ज्ञानकोशाचे २३ खंड पूर्ण केले. इथे अर्ज वाचणारा म्हणजे सामान्य वर्गणीदार. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळ आलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष झाले, वाईला विश्वकोशाचं काम उभं राहिलं. पहिला खंड १९७६ मध्ये आला. इथे पैसा सरकारचा आणि निवड तज्ज्ञांची. दोन्ही मार्गांनी मराठीला मोठं धन दिलं. पण दोन्हीकडे लिहिणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा.

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, मराठी विकिपीडिया सुरू झाला. इथे वाचणाराच लिहितो. नवा माणूस धूळपाटीवर सराव करतो, अडलं तर चावडीवर विचारतो. हे 'चावडी' नाव तिथे खरंच आहे बरं का. लेख लिहिण्याचे कोणाला पैसे मिळत नाहीत. मग अनुदान कशाला? तर स्कॅनर लागतो, कार्यशाळेला हॉल लागतो, लांबून येणाऱ्याला प्रवासखर्च लागतो, जुनी छायाचित्रं डिजिटल करायला माणूस लागतो. हा पैसा विकिमीडिया फाउंडेशनकडून येतो आणि त्याचा मोठा भाग जगभरच्या वाचकांच्या छोट्या छोट्या देणग्यांचा असतो.

तो वाटायचा कसा? २०१२ मध्ये मोठ्या निधीसाठी समाजातल्याच स्वयंसेवकांची एक समिती झाली. अर्ज सगळ्यांना दिसेल असा संकेतस्थळावर ठेवायचा, कोणीही प्रश्न विचारायचे आणि समितीची शिफारस कारणांसह जाहीर करायची, अशी पद्धत पडली. २०२१ पासून जगाचे सात विभाग करून प्रत्येकाला स्वतंत्र समिती दिली, त्यातला एक आपला दक्षिण आशियाचा. आणखी एक नियम आहे. ज्या अर्जाशी सभासदाचा संबंध आहे, त्या अर्जाच्या वेळी त्याने बाजूला व्हायचं. १८५५ च्या कमिटीजवळ जे नव्हतं ते इथे आहे. नकार लिहून ठेवला जातो, आणि ज्याला नाकारलं तो तिथेच उत्तर देऊ शकतो.

पण मंडळी, पद्धत चांगली असली म्हणून काम सोपं होत नाही. समितीवर बसणारा कोण असतो? दिवसा नोकरी करणारा, रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडणारा माणूस. एकेक अर्ज दहापंधरा पानांचा. त्याने बघायचं असतं की काम खरंच गरजेचं आहे का, रक्कम वाजवी आहे का, माणसं करतील का, आणि पैसे संपल्यावर मागे काय उरेल. ओळखीच्या माणसाला नाही म्हणावं लागतं. मोबदला काही नसतो. शिवाय भारतापुरती आणखी एक अडचण आहे. परदेशी निधीचा २०१० चा कायदा आणि त्यातली २०२० ची दुरुस्ती यामुळे असा पैसा एका संस्थेने घेऊन दुसरीला देता येत नाही. समितीने होकार दिला तरी पैसा कायद्याच्या चौकटीतूनच यावा लागतो.

आणि आता मुख्य मुद्दा. पेशव्यांच्या दक्षिणेत परीक्षेची भाषा संस्कृत होती, म्हणून संस्कृत येणाराच आत येई. आज अर्ज इतर भाषांत करता येतो, तरी चर्चा बहुतेक इंग्रजीत चालते. ज्याला अर्जाचं इंग्रजी छान जमतं, त्याचं काम छान वाटतं. समजा, गिरीजमधल्या एखाद्या मुलीने अर्ज केला की आजीआजोबांच्या तोंडची कादोडी बोली ध्वनिमुद्रित करायची आहे. वाचणाऱ्याला कादोडी हे नावच माहीत नसेल तर तो विचारेल, याला संदर्भ कोणते? पुस्तकं कोणती? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बोलीचा पुरावा बोलणाऱ्याच्या तोंडात असतो, छापील पानावर नसतो. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी अशाच अनुदानावर मलयाळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषकांच्या तोंडी माहितीला विकिपीडियात संदर्भ म्हणून घेता येईल का, याचा प्रयोग केला. त्यावर खूप वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण तो प्रयोग होऊ शकला, कारण अर्ज वाचणाऱ्या कोणाला तरी त्या प्रश्नाचं वजन कळलं.

म्हणून आम्हाला असं वाटतं की, पैसा किती आहे यापेक्षा टेबलाभोवती कोण बसलंय हे जास्त महत्त्वाचं आहे. निकष कितीही चांगले लिहा, ते लावणारा माणूस शेवटी स्वतःच्या अनुभवाच्या मापानेच मोजतो. तेव्हा मापं वेगवेगळी हवीत. पानवेलीची, केळीची शेती केलेला माणूस हवा, शाळेत शिकवणारी बाई हवी, कोळीवाड्यातला मुलगा हवा. वसईला हे नवीन नाही. इथल्या लोकांनी १९१८ मध्येच बॅसीन कॅथॉलिक ही सहकारी पतसंस्था काढली, तिचीच आज बँक झाली आहे. कर्ज कोणाला द्यायचं हे शेजाऱ्यांनी एकत्र बसून, हिशोब मांडून ठरवायची सवय या मातीला शंभर वर्षांची आहे. तीच सवय ज्ञानाच्या बाबतीत वापरायची.

आता विनंती. विकिपीडियावर लेख लिहा, असं तुम्हाला अनेक जण सांगतात. आम्ही म्हणतो, लिहाच, पण दोन वर्षं लिहिल्यावर तिथेच थांबू नका. अर्ज वाचायला बसा. समितीत जागा मिळेपर्यंत नुसती चर्चा पानावर मतं मांडा, ते सगळ्यांना खुलं आहे. एखाद्या अर्जावर एक नेमका प्रश्न विचारा, एखाद्या अनोळखी बोलीच्या बाजूने चार ओळी लिहा. आणि नाही म्हणायची वेळ आली तर कारण पूर्ण लिहा. अर्जदार ते वाचून पुढच्या वेळी अर्ज सुधारू शकला पाहिजे, आणि शंभर वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्यालाही दोन्ही बाजू मिळाल्या पाहिजेत. 'तृतीय रत्न'च्या बाबतीत ते झालं नाही.

काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.