लस, देवी आणि दंड

आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर अजून गोल वण दिसतात. ‘लहानपणी देवी काढल्या’, असे ती सांगतात. रोगाचे नाव देवी आणि त्यावरच्या उपायाचेही नाव देवी! लसीविषयीच्या संकोचाचा इतिहास पाहणाऱ्याने या शब्दापाशी थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते. जिला थंडावा देऊन शांत करायचे, तिला दारातच अडवणे ही केवळ वैद्यकाची गोष्ट नव्हती.

‘लस’ हा शब्दही बोलका आहे. जखमेतून पाझरते ती लस. 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली; तिच्या फोडातल्या लसीतून पुढच्यांना. दंडावरून दंडावर ही रीत पुढे कित्येक दशके चालली. आपल्या लेकराचा फोड परक्यासाठी फोडू देताना आई कचरली, ती मायेपोटी. कोणाचे पाणी कोणाच्या अंगात जाते ही धास्ती मात्र जातीची होती. दोहोंना ‘अडाणीपणा’ म्हणणे सोयीचे, पण खरे नव्हे.

जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरांत शिरत होते. लोकांना दोन्ही हात एकाच सरकारचे वाटले.

2021 साली कोविडच्या लसीपुढे थबकलेल्यांना आम्ही हसलो. लस घ्यावीच, देवीचा रोग जगातून गेल्याचे 1980 साली जाहीर झाले, ते तिच्याच बळावर. पण टोचणारा हात कोणाचा, हे विचारणाऱ्याचे आम्ही आधी ऐकायला हवे होते.