चिपाडांतील प्रकाश

ज्या कॅमडेनमध्ये आपण आज राहतो, तेथील सेंट पँक्रास भागात स्थानिक संस्थेने 1891 साली सार्वजनिक वीजपुरवठा सुरू केला. त्या काळी दूर मॉरिशसच्या मळ्यांत, कोकणातून मुंबई बंदरावाटे गेलेले आपले मराठी पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून ऊस तोडीत होते. रस मालकाचा, चिपाड भट्टीचे आणि मजुराच्या वाट्यास घाम, अशी ती वाटणी होती.

पुढे त्या चिपाडांसच मोल आले. 1957 साली सेंट अँटॉइन कारखान्याने ती जाळून निर्मिलेली जादा वीज प्रथम सार्वजनिक जाळ्यास पुरविली. 2000 साली बेल व्ह्यू येथे 70 मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. गाळपाचा हंगाम सरताच तेथे कोळसा जाळावा लागे, हे वैगुण्य लपविण्याचे कारण नाही.

परंतु खरा प्रश्न निराळाच होता : या विजेचे मोल कोणास मिळावे? 1994 साली स्थापन झालेल्या शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्टद्वारा कामगार व ऊस-बागायतदार यांस साखरधंद्यात, आणि पुढे बेल व्ह्यूच्या केंद्रातही, भागीदारी लाभली. ती अल्प खरी. तथापि ज्यांनी ऊस वाढविला, त्यांच्या वंशजांचा त्याच्या प्रकाशावरही हक्क आहे, हा न्याय तीत मान्य झाला. पूर्वजांच्या श्रमांचे एवढे ऋण तरी फिटावयास हवेच होते.